चिंचदऱ्यातला शीळवाला

बीडजवळच्या पालीच्या वरच्या अंगाला, घाटाच्या कडेवर दहा-बारा घरांची एक वस्ती आहे. तिथं मनकर्णाबाईला ओळखत नाही असं माणूस सापडायचं नाही, आणि शेळी तर नाहीच नाही. कारण मनकर्णा शीळ घालायची. साधीसुधी नव्हे. तोंडात बोटं न घालता, नुसत्या ओठांचा चंबू करून दोन सुरांची शीळ. पहिला सूर वर चढायचा आणि दुसरा वरून घसरगुंडीसारखा खाली यायचा. टुऽई-ट्यू! एवढं झालं की पलीकडच्या माळावर पांगलेल्या बावीस शेळ्या एकदम माना वर करायच्या आणि हौदावर पाण्याला हजर व्हायच्या. शाळेतली पोरं घंटेला एवढी घाबरत नसतील.

ही शीळ तिला बापानं शिकवलेली. बापाला मुलगा नव्हता, शेळ्या मात्र चाळीस होत्या. आपल्यामागं त्यांना पाण्यावर कोण बोलावणार, म्हणून त्यानं सात वर्षांच्या पोरीला माळावर नेऊन ही विद्या दिली. लग्नात त्यानं आंदण म्हणून एक शेळीही दिली होती. शेळी दोन वर्षांत मेली, शीळ तेवढी जन्माची राहिली.

आता बाईमाणसानं शीळ घालणं बरं नव्हे, असं आपल्याकडं जो तो म्हणतो. लक्ष्मी बाहेर जाते म्हणतात. कुठून आणि कशी जाते ते कुणी पाहिलेलं नाही. मनकर्णा नवी नवरी होऊन आली त्याच्या तिसऱ्याच दिवशी दारात पंगत बसलेली असताना सासऱ्याची म्हैस दावं तोडून बुंदीच्या परातीकडं सुटली. पुरुषमंडळी "धरा धरा" म्हणत उठली, पण धरायला कुणीच पुढं होईना. तेव्हा हातात हिरवा चुडा, डोक्यावर पदर अशा त्या नवरीनं दारात उभं राहून शीळ घातली. म्हैस जागच्या जागी थांबली. पंगतही थांबली. वाढप्याच्या पळीतलं वरण सासऱ्याच्या पटक्यावर सांडलं.

"आगं बाई, शिट्टी मारती व्हय ही!" सासूनं कपाळाला हात लावला.

सासरा वरण पुसत म्हणाला, "मारू दे. म्हैस बी वाचली आन बुंदी बी वाचली."

तो निकाल लागला तो लागला. पुढं तीस वर्षं तिच्या शिळेवर कुणी हरकत घेतली नाही. नवरा धोंडीराम तर मनातून खूशच असायचा. त्याला स्वतःला शीळ येत नव्हती. फार जोर लावला तर सायकलच्या चाकातली हवा गेल्यासारखा आवाज यायचा.

पण तीस वर्षांनी ती हरकत उभी राहिली ती लेकीचं लग्न जमवताना.

लेक स्वप्नाली. शिकलेली, बीडला एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला. तिला बघायला दिवाळीनंतर एक स्थळ आलं होतं. सगळं छान चाललेलं. पाहुणे पोहे खात होते, आणि तेवढ्यात एक बोकड पाहुण्यांच्या गाडीवर चढून टपावर नाचायला लागला. मनकर्णानं सवयीनं शीळ घातली. बोकड उतरला, पण पाहुणेही उठले! "कळवतो" म्हणून गेले. मागून निरोप आला तो असा : आई शिट्ट्या मारते, तिथं पोरगी काय करत असेल!

स्वप्नाली त्या वेळी काही बोलली नाही. पण मे महिन्यात सिरसाळ्याचं स्थळ आलं, तेव्हा बोलली. कारण हे स्थळ तिच्या मनातलं होतं. मुलगा प्रवीण, टपाल खात्यात नोकरीला. दोघांची एका मैत्रिणीच्या लग्नात ओळख झालेली आणि मग फोनवर ती चांगलीच पिकलेली. घरच्यांना हे ठाऊक होतं आणि ठाऊक नसल्यासारखंही होतं. अडचण एकच. प्रवीणला आई नव्हती. त्याला वाढवलं आत्यानं, बायनाबाईनं. आणि बायनाबाई म्हणजे बाईच्या रूपातली कोर्टकचेरी. तिनं मान हलवली तर लग्न, नाहीतर सगळे मोकळे.

"आई," स्वप्नाली भाकरी थापता थापता, वर न बघता म्हणाली, "एवढं ठरंस्तवर शिट्टी घालू नको ना गं."

मनकर्णाला हसू आलं, मग लेकीच्या तोंडाकडं बघून ते गेलं. "न्हाई घालत. तुझ्या गळ्याची आण."

आण घेणं सोपं. पाळायला लागली तेव्हा कळलं की आपण दिवसाकाठी किती शिळा घालतो! शेळ्यांनी तर संपच पुकारला. धोंडीराम हाका मारून मारून घोगरा झाला, शेळ्या त्याच्याकडं बघून रवंथ करायच्या. मनकर्णानं पितळी बडवून पाहिली, तर शेजारच्या चार घरची माणसं काय झालं म्हणून धावत आली. शेळ्या आल्या नाहीत. तिला चहा फुंकायचीसुद्धा चोरी झाली. फुंकता फुंकता सूर निघाला तर? म्हणून ती चहा बशीत ओतायची आणि बशी वाऱ्यावर धरून बसायची.

असे पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी सकाळी ती अंगण झाडत होती, आणि घरामागच्या चिंचदऱ्यातून शीळ आली.

टुऽई-ट्यू!

मनकर्णाच्या हातातला खराटा गळाला. तिचीच शीळ! तोच चढ, तीच घसरगुंडी. गोठ्यातल्या बावीस शेळ्या एका दमात उठल्या, त्यांनी दाराची ताटी पाडली आणि दऱ्याकडं धूम ठोकली.

धोंडीराम तोंडात दंतमंजन तसंच घेऊन बाहेर आला. "आगं, पंधराच दिवस टिकली व्हय तुझी आण?"

"अवो, म्या न्हाई!"

"मग कोण, म्या?"

धोंडीरामाची शीळ साऱ्या वस्तीला ठाऊक होती.

संध्याकाळी पुन्हा तीच शीळ. दुसऱ्या दिवशी दोन्ही वेळा. शेजारची छबुबाई कुंपणावरून वाकून म्हणाली, "मनकर्णे, चोरून दऱ्यात जाऊन घालतीस काय गं? घाल बाई घाल. आमी कुणाला न्हाई सांगत." आणि सकाळच्या आत सगळ्यांना सांगून मोकळी झाली.

मनकर्णाला वाटलं, कुणीतरी टवाळ माणूस आपली नक्कल करतोय. तिनं काठी घेतली, पदर खोचला आणि ती दऱ्यात उतरली. चिंचदरा म्हणजे नावाला चिंचा. खरं राज्य सीताफळीच्या आणि करवंदीच्या जाळ्यांचं. खाली पाचोळा इतका की पाय टाकला की पापड मोडल्यासारखा आवाज. शीळ आली समोरच्या जाळीतून. ही काठी घेऊन तिथं गेली, तर जाळी गप्प. मग शीळ डावीकडून. डावीकडं गेली, तर मागून. "आरं ये की बाहेर, मुडद्या! बापाचं नाव सांग तुझ्या!" ती ओरडली. दरा गप्प. काटे लागून लुगड्याची चाळण झाली. तीन दिवस तिनं हा पोरखेळ केला.

चौथ्या दिवशी ती दमून एका खडकावर बसली, हालचाल न करता. भांडायलाही अंगात त्राण नव्हतं. आणि पाच हातांवर पाचोळा आपोआप उडायला लागला. कुणीतरी एकेक पान उचलून बाजूला फेकत होतं, घरात हरवलेली सुई शोधावी तसं. मग ते पाखरू एका मुळीवर चढलं, त्यानं मान मागं टाकली, चोच आभाळाकडं केली आणि घातली की शीळ!

मनकर्णा पापणी हलवायची विसरली. पाखरू साळुंकीपेक्षा बारकं, शेपूट जवळजवळ नाहीच, कुणी कातरून नेल्यासारखं. पाठ हिरवी. पंखावर निळा तुकडा, पैठणीच्या काठातून कापून लावावा तसा. पोट हळदीच्या दुधासारखं, डोळ्यावरून काळी पट्टी, आणि बुडाशी एवढं लालभडक की कुंकवाच्या करंड्यात बसून आलंय की काय! ती "आगं माय" एवढंच म्हणाली, आणि तेवढ्यानंच ते गेलं. जणू नव्हतंच.

ती धापा टाकत घरी आली. "पाखरू हाय! पाखरू! हिरवं, निळं, तांबडं, पिवळं! माझी शीळ घालतंय!"

धोंडीरामानं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. "उन्हात बसू नको म्हणून सांगितलं होतं." पन्नास वर्षं ह्या माळावर काढली त्यानं, पण असलं पाखरू पाहिलं नव्हतं, आणि जे धोंडीरामानं पाहिलं नाही ते ह्या घाटात नाही, असा त्याचा हिशेब.

पण नवऱ्याचं काही नाही. लागलं ते लेकीचं बोलणं. स्वप्नाली कामावरून आली, सगळं ऐकलं, आणि हळूच म्हणाली, "आई, तुला जमत नसलं तर तसं सांग. पण पाखरावर नको ढकलू."

त्या रात्री मनकर्णा जेवली नाही. लेकीचं लग्न मोडेल ही धाकधूक होतीच. पण लेकीला आपला शब्द खोटा वाटला, ह्याचा घास काही गिळवेना.

आणि त्याच रविवारी सिरसाळ्याचे पाहुणे आले. यायचे होते चारला. मांजरसुंब्याला भजी खायला थांबले, तिथं गाडीचं टायर बसलं, असं करत करत साडेपाचला पोचले. तीनच माणसं. प्रवीण, त्याचे वडील बजरंगराव आणि बायनाबाई. बजरंगराव म्हणजे बहिणीनं "बसा" म्हटलं की बसणारा गरीब माणूस. बायनाबाई मात्र गाडीतून उतरली तीच घर मोजत. हौद बघितला, गोठा बघितला, चुलीपुढची राख बघितली. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि पुढच्या दोन दातांत एवढी फट की त्यातून बोट जावं.

पोहे झाले. स्वप्नाली चहा घेऊन आली, पाटावर बसली. प्रवीण छताकडं बघायला लागला. फोनवर तास तास बोलणारी माणसं समोर आली की अशीच छत बघतात. बायनाबाईनं खाकरून घसा साफ केला.

"तुमच्या घरात एक बाई शिट्ट्या मारती, असं आमच्या कानावर आलंय."

धोंडीराम घाईनं बशीत चहा ओतायला लागला. मनकर्णा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती, पोह्यांचं रिकामं ताट हातात, ओठ घट्ट मिटलेले. आणि नेमक्या त्याच क्षणी दऱ्यातून आली :

टुऽई-ट्यू!

गोठ्यातल्या शेळ्या ओरडल्या. सगळ्यांच्या माना मनकर्णाकडं वळल्या. तिचे ओठ मिटलेलेच! घरातल्या प्रत्येकानं ते उघड्या डोळ्यांनी पाहिलं. तिला इतका आनंद झाला की पाहुणे, सोयरीक, मानपान सगळं विसरून ती ताट उंच करून ओरडली, "बघा! बघा मी हितंच हाय! ऐकलंत का? अवो, तुमी ऐकलं का? स्वप्ने, ऐकलंस का गं? म्या न्हाई घातली!"

स्वप्नालीनं आईकडं बघितलं, आणि आपण तिला खोटं ठरवलं हे आठवून तिचा चेहरा एवढासा झाला.

पण बायनाबाई काही हसली नाही. तिनं कप खाली ठेवला.

"आस्सं. मग ह्या घरात पोरगी बघायचा कार्यक्रम चालू असताना, दिवस मावळतीला, घरामागं उभं राहून शिट्टी मारतंय ते कोण? आन कुणासाठी?"

हे म्हणजे आगीतून फुफाट्यात! आई सुटली आणि लेक अडकली. बजरंगराव उठून चपला शोधायला लागले. प्रवीण म्हणाला, "आत्या, असं काय बी..." तर आत्यानं नुसतं बघितलं, आणि तो पुन्हा छताकडं.

"पाखरू हाय ते!" मनकर्णा म्हणाली.

"पाखरू?"

"व्हय. चला दाखवते."

"चल," बायनाबाईनं नऊवारीचा ओचा खोचला. "कसलं पाखरू हाय ते मला बी बघू दे. दोन पायाचं असणार, तेवढं मला ठाऊक हाय."

मग निघाली वरात. पुढं मनकर्णा, मागं बायनाबाई, तिच्यामागं धोंडीराम, कप हातात तसाच. बजरंगराव एकाच पायात चप्पल घालून. प्रवीण आणि स्वप्नाली शेवटी, आणि छबुबाई कुंपणापलीकडून समांतर. दऱ्याच्या तोंडाशी सगळे थांबले.

दरा गप्प. इतक्या माणसांच्या पायांनी पाचोळा वाजला, मग कोण बोलतंय! पाच मिनिटं गेली. करवंदीच्या जाळीत अंधारून यायला लागलं. बायनाबाईनं कमरेवर हात ठेवले.

"पळाला वाटतं तुमचा पाखरू."

मनकर्णाला एक उपाय ठाऊक होता, आणि एकच. आपण शीळ घातली तर ते उत्तर देईल. शेळीला शेळी देते, पोरं कोकिळेसारखी ओरडली की कोकीळ देतो, तसं. पण शीळ घालायची म्हणजे ज्या गोष्टीपायी एक स्थळ गेलं तीच, ह्या बाईच्या समोर, तिच्या कानाशी घालायची. आणि लेकीच्या गळ्याची आण! न घालावी तर लेकीच्या नावाला बट्टा. तिनं ओठांचा चंबू केला आणि पुन्हा मिटला. केला आणि मिटला. धोंडीरामाला वाटलं, बायकोला उचकी लागली.

तेव्हा मागून स्वप्नाली पुढं आली. सगळ्यांच्या देखत आईचा हात धरला.

"आई, घाल."

"आगं, पण तू..."

"मी सोडली तुला आणीतनं. घाल. मोठ्यांदी घाल."

आणि मग सुटली महाराजा ती शीळ! तेवीस दिवसांची तुंबलेली. चिंचदरा भरून गेला, समोरच्या कड्याला आपटून परत आली. बायनाबाईच्या डोक्यावरचा पदर पडला.

मग लांबून, बारीक : टुऽई-ट्यू.

मनकर्णानं पुन्हा घातली. उत्तर जवळून आलं. तिसऱ्यांदा घातली, हळू, आर्जवानं, करडाला बोलवावं तशी. समोरच्या सीताफळीखालचा पाचोळा थरथरला. एक पान उडालं. आणि उघड्या खडकावर, मावळतीच्या शेवटच्या तिरप्या उन्हात, ते टुणकन येऊन उभं राहिलं. छाती पुढं, बूड लाल, शेपूट नाही. "कोण आहे रे माझ्या हद्दीत?" असा चेहरा. मान मागं टाकली आणि त्यानं सगळ्या पाहुण्यांसमोर शीळ घातली.

प्रवीण अगदी हळू आवाजात म्हणाला, "नवरंग हाय हा. आमच्या ऑफिसात एक पाखरंवेडे साहेब होते, सात वर्षं ह्याच्या मागं हिंडले. नुसती शिट्टी ऐकली त्यांनी. दिसला न्हाई."

"कावून न्हाई दिसला?" बजरंगरावांनी विचारलं. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी बहिणीच्या आधी तोंड उघडलं असेल.

"त्यांच्याकडं मनकर्णामावशी नव्हत्या," प्रवीण म्हणाला.

बायनाबाई मात्र पाखराकडं बघत होती, तोंड उघडं, दातांची फट दिसत होती, आणि साठ-पासष्ट वर्षांची ती कोर्टकचेरी जत्रेत पहिल्यांदा पाळणा बघणाऱ्या पोरीसारखी दिसत होती. तिनं नजर न हलवता मनकर्णाचा दंड चाचपून धरला.

"आणिक एकदा घाला की, ईनबाई."

ईनबाई! विहीणच केली की तिनं! धोंडीरामाच्या हातातला कप पडला. मनकर्णाला शीळ घालायची होती, पण हसू आणि रडू एकदम आल्यावर ओठांचा चंबू कसा व्हायचा? पहिल्या दोन वेळा नुसती फुस्स झाली, अगदी नवऱ्यासारखी. तिसऱ्यांदा निघाली ती अशी खणखणीत की...

की पहिल्या शिळेपासून गोठ्याच्या दाराला धडका देणाऱ्या बावीस शेळ्यांना आता राहवेना. इतके दिवस उपाशी ठेवलेली हाक! पुन्हा ताटी पाडून त्या निघाल्या आणि दऱ्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या समस्त सोयऱ्यांमधून घुसल्या. नवरंग कधी गेला ते कुणी पाहिलं नाही. बजरंगरावांची उरलेली चप्पल गेली. बायनाबाई एका बोकडाच्या धक्क्यानं पाचोळ्यात बसली, चार शेळ्या तिला हुंगायला लागल्या, आणि ती हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, ठसक्यात पुन्हा हसू. छबुबाई कुंपण ओलांडून पाणी घेऊन आली, तर तीही हसायला बसली.

बऱ्याच वेळानं बायनाबाईनं डोळे पुसले, पाचोळ्यातच मांडी घातली आणि स्वप्नालीला समोर बसवलं. मुलीला प्रश्न विचारायचे राहूनच गेले होते ना! स्वयंपाक येतो का, नोकरी करणार का, सगळं विचारायचं बाकी. तिनं तिच्या डोळ्यांत रोखून बघितलं.

"खरं सांग पोरी. तुला येती का शिट्टी?"

स्वप्नालीनं मान खाली घातली. कान लाल झाले.

"थोडी थोडी."

"थोडी न्हाई आत्या," प्रवीण पटकन बोलून गेला, "लई भारी येती! रोज फोनवर..." आणि पुढं आपण काय बोलून बसलो हे कळून त्यानं वर बघितलं. छत नव्हतं. आभाळ होतं.

"आस्सं व्हय," बायनाबाई म्हणाली. "मग बसलीस काय? घाल की."